तक्रार आणि तकरार

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडम आठ दिवस प्रशिक्षणाला गेल्या आणि त्यांचा नववीचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. इंग्रजी वाचता येतं, कोश उघडून समजूनही घेतो, पण वर्गात उभं राहून शिकवायची हिंमत होत नाही. म्हणून सोपा उद्योग काढला. मॅडमच्या वहीतली सहा क्रियापदं फळ्यावर लिहिली : अनॉय, बॉदर, टीज, हरॅस, आर्ग्यू, क्वॉरल. मुलांना म्हटलं, समोर उर्दूत आणि मराठीत अर्थ लिहा.

वह्या गोळा केल्या तेव्हा चाळीस वह्यांत जवळपास एकच उत्तर होतं. पहिल्या चार शब्दांना उर्दूत ‘परेशान करना’, मराठीत ‘त्रास देणे’. शेवटच्या दोघांना ‘झगडा करना’ आणि ‘भांडणे’. सहा शब्दांचं काम दोन शब्दांत उरकलं होतं. मी विचारलं, हे चारही सारखेच कसे? तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला, ‘सर, अंग्रेजां कू सताने के वास्ते इत्ते लफ्जां कायकू होना?’

वर्ग हसला. मीही हसलो. ‘उद्या सांगतो’ असं म्हणून सुटका करून घेतली. शिक्षकाच्या खिशात हे एक वाक्य कायम असतं. पण त्या रात्री खरंच कोश काढून बसलो. त्याला कारण होतं. त्या फळ्यावरच्या ‘टीज’ आणि ‘हरॅस’ या दोन शब्दांमधलं अंतर आदल्या वर्षी मला कळलं नव्हतं आणि त्याची किंमत एका मुलीने मोजली होती. ते पुढे सांगतो. आधी शब्दांकडे जाऊ.

‘अनॉय’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘इन ओडिओ’ या दोन शब्दांत आहे. अर्थ, ‘तिटकाऱ्यात’. म्हणजे कोणे एके काळी ‘हे मला अनॉय करतं’ याचा अर्थ ‘मला याचा तिटकारा आहे’ इतका जड होता. झिजत झिजत तो आता डासाच्या गुणगुणण्यावर येऊन थांबला आहे. फ्रेंचमध्ये त्याच मुळापासून ‘आन्वी’ झाला, त्याचा अर्थ कंटाळा.

‘बॉदर’चं मूळ पक्कं नाही. तो अठराव्या शतकात स्विफ्ट, स्टर्न अशा आयर्लंडमध्ये जन्मलेल्या लेखकांच्या लिखाणात दिसू लागतो. म्हणून काही कोशकारांचा अंदाज असा की आयरिश भाषेतल्या बहिरा या अर्थाच्या शब्दाशी त्याचं नातं असावं. हा अंदाज खरा असो वा नसो, पण तो आयरिश शब्द, ‘बोधर’, आणि आपला संस्कृत ‘बधिर’ हे मात्र नक्की सख्खे चुलत आहेत. आपला ‘बहिरा’ त्या ‘बधिर’चा मुलगा. ज्याचा आवाज ऐकून कान बहिरे होतात तो बॉदर करतो असं धरलं, तर आपल्याला हे नवीन नाही. आपण म्हणतोच, कान किटले.

‘टीज’पाशी मी बराच वेळ थांबलो. जुन्या इंग्रजीत त्या क्रियापदाचा अर्थ लोकरीचे धागे ओढून वेगळे करणे असा होता. म्हणजे पिंजणे. माणसाला चिडवणे हा अर्थ त्याला सतराव्या शतकात चिकटला. सभेत वक्त्याला मध्येच प्रश्न विचारून हैराण करतात त्याला इंग्रजीत ‘हेकल’ म्हणतात, तोही याच धंद्यातला. हेकल म्हणजे जवसाच्या झाडाचे धागे विंचरायची लोखंडी दातांची फणी. वक्त्याला असं विंचरून काढायचा अर्थ त्याला स्कॉटलंडमध्ये मिळाला.

आता हे वाचून मला दादाजान आठवले नाहीत तरच नवल. आम्ही पिंजारी. दादाजान थंडीच्या दिवसांत खांद्यावर पिंजण टाकून मराठवाड्यातल्या गावागावांत फिरायचे, लोकांच्या गाद्या आणि रजया उसवून कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचे. मी पाचवी-सहावीत असताना त्यांच्यासोबत दोनदा गेलो होतो. तातीवर ठोका पडला की ट्यांव करून आवाज उठायचा आणि दगडासारखा बसलेला कापूस हवेत उडून ढगासारखा खाली यायचा. मला वाटायचं जोरात मारलं की जास्त उडेल. ते माझा हात धरून म्हणायचे, ‘आहिस्ता. कापूस खुलना होना, टूटना नक्को.’ कापूस मोकळा व्हावा, धागा तुटू नये.

‘टीज’ आणि ‘हरॅस’मधला फरक दादाजानच्या या एका वाक्यात आहे. मित्र मित्राला चिडवतो, वहिनी दिराची थट्टा करते, त्याने माणूस मोकळा होतो. ‘हरॅस’ हा शब्द ज्या फ्रेंच क्रियापदावरून आला त्याचा अर्थ दमवून टाकणे, थकवून टाकणे असा आहे. तिथे धागा तुटतो.

इंग्रजीतले इतरही काही शब्द रात्रभर पुरले. ‘नॅग’ हा उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतल्या कुरतडणे या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला आहे. आपण ‘डोकं खाऊ नको’ म्हणतो, उर्दूत ‘दिमाग चाटना’ म्हणतात. तिकडे कुरतडतात, इथे खातात आणि चाटतात. ‘ट्रबल’च्या मुळाशी पाणी गढूळ करणं आहे. उर्दूतल्या ‘कुदूरत’चेही दोन अर्थ आहेत, पाण्याचा गढूळपणा आणि मनात बसलेली अढी. ‘अँगर’ हा शब्द आवळलेलं, अरुंद या अर्थाच्या फार जुन्या मुळातून आला. आणि आपण ‘तंग करना’ म्हणतो तेव्हा काय म्हणतो? फारसीत तंग म्हणजे अरुंदच. कुणाला तंग करणं म्हणजे त्याची जागा कमी करत जाणं. शेवटी तो भिंतीला टेकतो.

तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सांगायचं एक उत्तर तयार झालं होतं : शब्द जास्त आहेत कारण त्रास एकाच प्रकारचा नसतो. पण मग प्रश्न पडला, आपल्याकडे शब्द कमी आहेत का?

मुळीच नाही. मराठीत तर या कामासाठी नुसते आवाजाचे शब्द मोजायला बसलं तरी बोटं संपतात. कटकट, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कुरकुर, कुरबुर, धुसफूस, चिडचिड, तणतण. प्रत्येक वेगळी. पिरपिर लहान पोर करतं, किरकिर आजारी माणूस करतो, कुरबुर नोकर मालकाच्या मागे करतात. धुसफूस दोन जावांमध्ये चालते आणि ती ऐकू येत नाही, फक्त भांड्यांचा आवाज वाढतो. शिवाय छळणे, गांजणे, पिडणे, छेडणे, डिवचणे, खिजवणे, सतावणे, जेरीस आणणे. भांडायचं म्हटलं तर बाचाबाची, तंटा, बखेडा, कज्जा, हुज्जत, वाद, खडाजंगी. हे सगळे शब्द माझ्या विद्यार्थ्यांना कुठे ना कुठे भेटलेले असतात. वहीत मात्र ‘त्रास’ आणि ‘भांडण’ एवढेच उतरतात. घाईत सगळ्या चलनाची सुट्टी दोन नाण्यांत करून घ्यावी तसं.

आमच्या मुलांची आणखी एक अडचण आहे. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी. पुष्कळ शब्द तिन्हीकडे आहेत, पण अर्थ एक नाही. उर्दूत ‘मैं हैरान हूं’ म्हणजे मी चकित झालो. मराठीत ‘मी हैराण झालो’ म्हणजे वैतागलो. एका मुलीने मराठीच्या निबंधात लिहिलं होतं, ‘वेरूळचे कैलास लेणे बघून आम्ही सर्व हैराण झालो.’ मी लाल पेनाने खूण केली आणि मग विचार केला, एका डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ बघून माणसाचं जे होतं त्याला हा शब्द इतकाही चुकीचा नाही. अरबीत त्याचा अर्थ गोंधळलेला, काय करावं हे न सुचलेला. उर्दूने त्यातलं आश्चर्य ठेवलं, मराठीने दमणूक ठेवली.

मराठीने आपल्या घरच्या शब्दांनाही असंच फिरवलं आहे. संस्कृतात ‘त्रास’ म्हणजे भीती. ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती. ‘छळ’ म्हणजे कपट. मराठीत येता येता भीतीची कटकट झाली, आसक्तीचा संताप झाला आणि कपटाची यातना झाली. शब्द कुठून आला यावर तो आज काय म्हणतो हे ठरत नाही, हे खरं. पण कुठून आला हे कळलं की कधी कधी आपण काय विसरलो ते दिसतं.

फळ्यावरचे शेवटचे दोन शब्द उरले होते. ‘आर्ग्यू’च्या लॅटिन मुळाचा अर्थ स्पष्ट करणे, सिद्ध करणे, आरोप ठेवणे. आपल्या ‘हुज्जत’चंही तेच. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, दलील. मराठीत हुज्जत घालणारा माणूस कुणालाच आवडत नाही, पण मूळचा तो पुरावा मांडणारा. ‘कज्जा’ हा ‘कजिया’ आहे, काझीसमोर नेलेला मामला. काझी आणि कज्जा एकाच अरबी धातूचे.

आणि ‘क्वॉरल’. या शब्दावर बोट ठेवलं आणि मी पुढचं पान उलटलं नाही. क्वॉरल हा जुन्या फ्रेंचमधून लॅटिनमधल्या ‘क्वेरेला’पर्यंत जातो. क्वेरेला म्हणजे भांडण नव्हे. क्वेरेला म्हणजे गाऱ्हाणं. तक्रार.

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाला यापुढे कोणी काही सांगायची गरज नसते. कारण आपला ‘तक्रार’ हा शब्द नेमका याच रस्त्याने गेला आहे. अरबीत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, पुनरावृत्ती. उर्दूत तकरार म्हणजे झगडा, तू-तू मैं-मैं. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. ‘तंटा-तक्रार’ या जोडीत तेवढा झगड्याचा वास राहिला आहे. एक शब्द, तीन अर्थ आणि तिघं एकमेकांच्या शेजारी उभे. माणूस आधी गाऱ्हाणं सांगतो. कुणी ऐकत नाही, म्हणून तो तेच पुन्हा सांगतो. पुन्हा सांगूनही ऐकलं नाही की भांडण होतं. लॅटिनमधून इंग्रजीत जाताना हेच घडलं, अरबीतून उर्दू-मराठीत येतानाही हेच. हजारो मैलांवरच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी गाऱ्हाणं आणि भांडण एकाच शब्दात बांधलं, याचा अर्थ त्यांनी एकच गोष्ट पाहिली असणार.

ती गोष्ट मीही पाहिली होती. आता ती सांगतो.

आदल्या वर्षी आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली होती. मी घटक चाचणीच्या वह्या तपासत होतो. ती म्हणाली, ‘सर, वो पोरां रोज सताते.’ शाळेतून मोहल्ल्यात जायच्या रस्त्यावर रिक्षा स्टँड आहे, तिथे मोटरसायकलवर बसलेली पोरं असतात. मी वहीतून डोकं वर न काढता म्हणालो, ‘बेटा, लक्ष नको देऊ. आपोआप थांबतील.’ मी ‘सताते’ हा शब्द ऐकला आणि मनातल्या मनात त्याचं ‘टीज’ असं भाषांतर केलं. चिडवत असतील. पोरंच ती.

आठ-दहा दिवसांनी ती मैत्रिणीला घेऊन पुन्हा आली. तेच वाक्य. या वेळी मी विचारलं, ‘कोण पोरं? नावं सांग.’ तिला नावं माहीत नव्हती. कशी असणार? ‘काय करतात?’ म्हणून विचारलं तर खाली बघून म्हणाली, ‘सताते, सर.’ तिच्याकडे दुसरा शब्द नव्हता, किंवा होता आणि तो एका पुरुष शिक्षकासमोर उच्चारता येण्यासारखा नव्हता. तेवढ्यात घंटा झाली. मी म्हटलं, ‘सगळ्या मुली मिळून जात जा.’ आणि वर्गावर गेलो. खरं सांगायचं तर मला थोडं अनॉयही झालं होतं. तेच तेच काय सांगते ही, असं वाटलं होतं.

तिसऱ्यांदा ती आली नाही. तिसऱ्यांदा बातमी आली. तिचा दहावीतला भाऊ त्या पोरांना जाब विचारायला गेला होता. त्याच्या कपाळाला सहा टाके पडले. समोरच्या एकाचा हात मोडला. रिक्षा स्टँडवर दोन्हीकडची माणसं जमली, पोलीस आले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्टर साहेबांनी मला बोलावलं. शाळेचा मराठी पत्रव्यवहार मीच लिहितो. वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवायचा होता. मी बसून पहिलं वाक्य लिहिलं : ‘काल सायंकाळी शाळेजवळील रिक्षा थांब्यावर दोन गटांत भांडण झाले.’

वाक्य व्याकरणाने बिनचूक होतं. पुन्हा वाचलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे ‘दोन गटांत’. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही हे दोन शब्द काय सुचवतात ते सांगायला नको. एका बाजूला मुसलमान पोरगा, बाजूला गर्दी, आणि ‘दोन गट’. खरं तर मोटरसायकलवाल्या चौघांत दोन आमच्याच मोहल्ल्यातले होते आणि दोन पलीकडच्या आळीतले. मस्ती करायला त्यांची एकी झाली होती. पण गावात संध्याकाळपर्यंत कुजबुज सुरू झालीच होती आणि माझ्या एका वाक्याने तिला सरकारी शिक्का मिळाला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे, त्या वाक्यात ती मुलगी कुठेच नव्हती. दीड महिना जी रोज त्या रस्त्याने जीव मुठीत धरून जात होती, जी दोनदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती, ती ‘भांडण’ या शब्दाखाली पार पुसली गेली होती. भांडण म्हटलं की दोघंही सारखेच. टाळी एका हाताने वाजत नाही, असं म्हणायला लोक मोकळे. आणि या टाळीत माझाही हात होता, तो तर कुणालाच दिसला नसता.

मी कागद फाडला आणि नव्याने लिहिलं. ‘इयत्ता आठवीतील विद्यार्थिनीचा काही युवक सुमारे दीड महिन्यापासून वारंवार पाठलाग व छळ करत होते. विद्यार्थिनीने याबाबत शिक्षकांना दोनदा सांगितले होते.’ ‘शिक्षकांना’ लिहून थांबलो. मग ‘प्रस्तुत लेखकास’ असं केलं.

हेडमास्टर साहेब म्हणाले, ‘हे शेवटचं गरजेचं आहे का?’ मी म्हटलं, ‘सर, राहू द्या.’

मुलीचे वडील आले तेव्हा त्यांना ‘छळ’ हा शब्द खुपला. ते फळांचा गाडा लावतात, साधा माणूस. म्हणाले, ‘मास्टर साब, मस्करी लिखो ना. पोरीचं नाव खराब होईल.’ मी त्यांना समजावलं की नाव कुठेच लिहिलेलं नाही. मग कायद्याचं सांगितलं. 2012 चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी आहे. लैंगिक हेतूने एखाद्या मुलाचा वारंवार पाठलाग करणं हेही त्यात लैंगिक छळात धरलं आहे, आणि असा गुन्हा ज्याला कळेल त्याने तो पोलिसांना कळवला पाहिजे असं बंधनही आहे. ‘मस्करी’ला कायद्यात जागा नाही. मस्करी लिहिलं की ते प्रकरण तिथेच विझतं.

आपल्या देशाने हे शब्दाच्या पातळीवर फार उशिरा ओळखलं. रस्त्यावरच्या या प्रकाराला आपण कित्येक वर्षं ‘ईव्ह टीजिंग’ म्हणत होतो. भारतीय इंग्रजीने तयार केलेला शब्द. ईव्ह म्हणजे हव्वा, आणि तिला नुसतं ‘टीज’ करायचं, जणू कापूसच पिंजतोय. 1997 च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या प्रकाराला लैंगिक छळ म्हटलं, 2013 मध्ये त्यावर कायदा आला आणि त्याच वर्षी भारतीय दंड संहितेत 354-अ हे कलम आलं. कोर्टाच्या आणि कायद्याच्या भाषेत ‘टीज’चा ‘हरॅस’ झाला. माझ्या डोक्यात तो व्हायला आणखी इतकी वर्षं आणि सहा टाके लागले.

ती मुलगी तीन आठवडे शाळेत आली नाही. तिचं शिक्षण थांबवायची बोलणी घरात झाली होती. मी आणि इंग्रजीच्या मॅडम दोनदा घरी गेलो. तिच्या अम्मीने चहा केला आणि एकच विचारलं, ‘वापस वैसा हुआ तो?’ मॅडमनी सांगितलं, सुटताना मी स्वतः स्टँडपर्यंत मुलींसोबत येईन. त्या आल्या, वर्षभर आल्या. पोरांना पोलिसांनी उचललं होतं, प्रकरण पुढे गेलं, त्याबद्दल इथे लिहिणं योग्य नाही. मुलगी परत आली, एवढं सांगतो.

परत आल्यावर एके दिवशी मी तिला विचारलं, ‘बेटा, ऑफिससमोर तक्रारपेटी आहे. मी ऐकलं नाही तर तू चिठ्ठी का नाही टाकलीस?’ सगळ्या शाळांत असते तशी आमच्याकडेही लोखंडी पेटी आहे, तिच्यावर मराठीत पांढऱ्या रंगाने ‘तक्रारपेटी’ लिहिलेलं. ती म्हणाली, ‘सर, मेरेकू तकरार नक्को थी. मेरेकू खाली बोलना था.’

मला भांडण नको होतं. मला फक्त सांगायचं होतं.

त्या वेळी मला वाटलं, बिचारीला मराठी शब्द कळला नाही. उर्दू वाचणाऱ्या पोरीने तकरार म्हणजे झगडा असंच वाचलं. झगड्याच्या पेटीत चिठ्ठी टाकून कोण कशाला भांडण ओढवून घेईल? आम्ही पेटीवर खाली उर्दूत ‘शिकायत’ लिहून घेतलं. चूक दुरुस्त झाली असं समजून मी पुढे गेलो. वर्षभराने ‘क्वॉरल’चं मूळ पाहताना कळलं, तिला शब्द बरोबर कळला होता. तिला गाऱ्हाण्याचं भांडण होऊ द्यायचं नव्हतं, म्हणूनच ती पेटीकडे न जाता माझ्याकडे आली होती. ते भांडणापर्यंत जाऊ दिलं ते मी.

उर्दूत ‘शिकवा’ हा फार सुंदर शब्द आहे. शिकवा आपल्या माणसाकडे करतात, परक्याकडे नाही. इक्बालने ‘शिकवा’ लिहिलं ते थेट खुदाकडे, लाहोरला ते वाचून दाखवलं. लोक बिथरले, टीका झाली. पुढे त्यानेच ‘जवाब-ए-शिकवा’ लिहिलं. कवितेत खुदाने उत्तर दिलं. ज्या शिकव्याला जबाब मिळतो त्याचा झगडा होत नाही. आठवीतल्या मुलीने मास्तराला आपलं मानून शिकवा केला आणि मास्तर वही तपासत राहिला.

आमच्या तालुक्यात गावांच्या वेशीवर अजूनही ‘तंटामुक्त गाव’ असे फलक दिसतात. 2007 मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा गांधींच्या नावाने ती मोहीम काढली, पुष्कळ गावांनी आपसातले जुने वाद मिटवले, चांगलंच झालं. पण तो फलक बघून आता माझ्या मनात येतं, गाव तंटामुक्त व्हावं, तक्रारमुक्त होऊ नये. शाळाही होऊ नये. घरही. ज्या घरात कुणाचीच काही तक्रार नसते तिथे बहुतेक वेळा ऐकणारा कुणी नसतो.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गावर गेलो. मागच्या बाकावरचा तो मुलगा विसरला नव्हता. ‘सर, बोलो.’ मी फळ्यावर एक रेघ ओढली. एका टोकाला ‘टीज’ लिहिलं, दुसऱ्या टोकाला ‘हरॅस’. दादाजानच्या पिंजणाची गोष्ट सांगितली. मग म्हटलं, घरातले, गल्लीतले, शाळेतले जे जे शब्द तुम्हाला माहीत आहेत ते या रेघेवर कुठे बसतात ते येऊन लिहा. उर्दू, मराठी, दखनी, काहीही चालेल. फळा पुरला नाही. एकाने ‘खिजवणे’ मध्यावर लिहिलं. एका मुलीने येऊन तो खोडला आणि ‘हरॅस’च्या बाजूला चार बोटं सरकवून पुन्हा लिहिला. मुलं ओरडली. मी म्हटलं, राहू द्या, तिला माहीत असेल.

तास संपताना त्यांना तकरारचा अरबी अर्थ सांगितला आणि त्याच धातूचा आणखी एक शब्द : मुकर्रर. लहान काफवाला. मराठीत तारीख मुक्रर करतात तो मोठ्या काफवाला, वेगळा. मुशायऱ्यात शेर आवडला की लोक ओरडतात, ‘मुकर्रर!’ म्हणजे पुन्हा म्हणा. त्यांनी ते टीव्हीवर ऐकलं होतं, अर्थ माहीत नव्हता.

तेव्हापासून वर्गात एक पद्धत पडली आहे. कुणी माझ्याकडे येऊन ‘सर, तो सताता’ म्हणालं की मी पेनाला टोपण लावतो, वही मिटतो आणि म्हणतो, ‘मुकर्रर.’ पोरं हसतात. हसून झालं की दुसऱ्यांदा सांगताना त्यांच्याकडे पहिल्यापेक्षा नेमका शब्द असतो.